जेफ्री पाइन, सेजब्रश आणि प्यूमिसची जमीन : मोनो खोऱ्यातील प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

पूर्व कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या दक्षिणेस, इन्यो राष्ट्रीय वनाच्या हद्दीत, जेफ्री पाइनचे विरळ जंगल आणि सेजब्रश या राखाडी झुडपाचे माळ एकमेकांत मिसळत जातात. या पट्ट्यातील वनस्पतिसमूहांचा नकाशा नव्याने तयार करण्याचे काम आजपासून सुरू झाले. आमच्या हातात असलेल्या जुन्या नकाशात जंगल आणि माळ यांच्यामधली सीमा केवळ हवाई छायाचित्रांवरून, म्हणजे वरून दिसणाऱ्या वृक्षांच्या दाटीवरून आखलेली आहे. ती सीमा जमिनीवर उतरून तपासणे आणि प्रत्येक नमुना क्षेत्रातील वृक्ष, झुडपे, गवते व जमीन यांची नोंद करणे, एवढे या हंगामाचे काम आहे. जिथे वृक्ष प्रमुख आहेत तिथे १,००० चौरस मीटरचे आणि जिथे झुडपे प्रमुख आहेत तिथे ४०० चौरस मीटरचे क्षेत्र आखायचे ठरले आहे.

ही सीमा कुठे पडते, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. मोनो परगणा आणि लगतचा नेवाडाचा भाग मिळून सेज ग्राउज या पक्ष्याची एक वेगळी, आकसत चाललेली संख्या येथे राहते. हा पक्षी सेजब्रशच्या मोकळ्या माळावर जगतो आणि उंच झाडांपासून दूर राहतो. त्यामुळे एखाद्या जागेची नोंद ‘माळावर पाइनचे अतिक्रमण’ अशी झाली, की तेथील कोवळी झाडे तोडण्याचा विचार पुढे येतो. तीच जागा ‘सावरत असलेले जंगल’ म्हणून नोंदली गेली तर तीच झाडे राखली जातात. नकाशावरच्या एका रंगावर इतके अवलंबून असताना तो रंग कशाच्या आधारे भरायचा, हे आधी ठरले पाहिजे.

११ जून २०२४

जागेची पार्श्वभूमी. सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश आहे. तेथे इतके मोठे पाइनचे जंगल असायला नको. ते आहे याचे मुख्य कारण म्हणजे मॅमथ या गावाजवळ पर्वताचा माथा बराच खाली येतो आणि पश्चिमेकडून सान वाकीन नदीच्या खोऱ्यातून वर चढणारी हिवाळी वादळे त्या खिंडारातून पूर्वेकडे निसटतात. त्यांचा बर्फ वाऱ्याच्या दिशेने जिथवर पोहोचतो, साधारण तिथवर जेफ्री पाइन पसरलेला आहे. वर्षाचे बहुतेक पाणी असे बर्फाच्या रूपाने येते आणि जून ते सप्टेंबर या काळात एखाददुसऱ्या गडगडाटी सरीपलीकडे काही मिळत नाही.

दुसरे कारण जमीन. सुमारे ७,६०,००० वर्षांपूर्वी लाँग व्हॅली येथे प्रचंड उद्रेक होऊन सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद असे महाविवर तयार झाले. त्यानंतरही या भागातले उद्रेक थांबले नाहीत. मोनो आणि इन्यो या विवरांच्या रांगेतील अलीकडचे मोठे उद्रेक इसवी सन १३५० च्या सुमाराचे आहेत आणि आज आपण ज्या प्यूमिसवरून, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या सच्छिद्र, हलक्या दगडाच्या खड्यांवरून, चालतो त्यातील वरचा थर बहुतांशी त्यांचाच आहे. भूविज्ञानाच्या मोजपट्टीवर ही जमीन अगदी नवी म्हणावी लागेल.

१३ जून २०२४

मोनो मिल्सच्या परिसरात, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, पहिली क्षेत्रे पूर्ण केली. झाडे एकमेकांपासून लांब लांब उभी आहेत. दोन झाडांमध्ये ऊन थेट जमिनीपर्यंत येते आणि त्या मोकळ्या जागेत राखाडी सेजब्रश व त्याच्या जोडीला बिटरब्रश वाढलेले आहे. त्याखाली विखुरलेले गवताचे झुबके असून उरलेली सर्व जागा उघडे प्यूमिस आणि वाळलेल्या पाइनच्या सुया यांनी व्यापलेली आहे.

नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी ओळखीच्या खुणा येथेच लिहून ठेवतो. जेफ्री पाइनच्या सुया तीन-तीनच्या जुडीत असतात आणि त्यांच्यावर निळसर झाक असते. शंकूच्या खवल्यांवरील काटे आत वळलेले असल्यामुळे शंकू तळहातात दाबला तरी टोचत नाही. जवळचा नातलग असलेल्या पाँडेरोसा पाइनचा शंकू मात्र टोचतो. सालीच्या भेगेला नाक लावल्यास व्हॅनिलासारखा गोड वास येतो. या झाडाच्या राळेतील उडून जाणारा भाग बहुतांशी हेप्टेन या ज्वालाग्राही द्रवाचा असतो. पेट्रोलची प्रत सांगणाऱ्या ऑक्टेन मोजपट्टीचा शून्यबिंदू हेप्टेनवर बेतलेला आहे आणि ती मोजपट्टी ठरली त्या काळी हा द्रव शुद्ध स्वरूपात याच झाडापासून मिळत असे. झाडाचे नाव जॉन जेफ्री या स्कॉटिश संग्राहकावरून १८५३ मध्ये दिले गेले. पुढच्याच वर्षी तो बेपत्ता झाला आणि पुन्हा सापडला नाही.

सेजब्रश आणि बिटरब्रश या दोन्हींच्या पानांना टोकाशी तीन दात असल्यामुळे गोंधळ होतो. सेजब्रशचे पान दोन्ही बाजूंनी राखाडी व मऊ लवयुक्त असते आणि चुरगळल्यावर त्याचा उग्र वास बोटांना दिवसभर राहतो. बिटरब्रशचे पान वरून हिरवे असते, त्याच्या कडा खाली मुडपलेल्या असतात आणि त्याला तसा वास नसतो. पहिले झुडूप सूर्यफुलाच्या कुळातले, तर दुसरे गुलाबाच्या कुळातले आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा आणि हा सेजब्रश एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले आहेत, हे कळल्यानंतर त्या वासाकडे माझे लक्ष जरा जास्तच जाऊ लागले आहे, हे मान्य करतो.

१९ जून २०२४

आज पहिला मृदाछेद घेतला, म्हणजे जमिनीचे थर पाहण्यासाठी खड्डा खणला. वनस्पतींच्या नोंदीसाठी प्रत्येक ठिकाणी खड्डा खणणे हा वेळेचा अपव्यय आहे असे गटातील काहींचे मत आहे. आजच्या खड्ड्यानंतर माझे मत उलट बाजूला पक्के झाले आहे, म्हणून तपशील पूर्ण देतो.

सर्वांत वर सुयांचा पातळ थर आणि त्याखाली वाटाण्यापासून सुपारीएवढ्या प्यूमिसच्या खड्यांचा सैल थर होता. खडा हातात घेतला तर टाच घासायच्या वजरीसारखा खरखरीत आणि इतका हलका, की वजनाचा अंदाज चुकतो. या थरात मुळे जवळजवळ नव्हती; तो कोरडा ठणठणीत होता. त्याच्या खाली बारीक, फिकट राखाडी राखेचा थर लागला आणि तेथे पहिल्यांदा हाताला ओल जाणवली. आणखी खाली जमिनीचा रंग एकदम बदलून तपकिरी झाला. ही उद्रेकापूर्वीची, राखेखाली गाडली गेलेली जुनी जमीन आहे. पाइनची जाड मुळे याच तपकिरी थरात शिरून आडवी पसरलेली दिसली, तर सेजब्रशची बारीक मुळे राखेच्या थरातच दाट जाळे करून होती.

दख्खनच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या माणसाला ही रचना समजायला थोडा वेळ लागतो. दोन्ही जमिनी ज्वालामुखीच्याच आहेत. पण आपला बेसाल्ट सिलिका कमी असलेल्या पातळ लाव्ह्याचा, तर येथील रायोलाइट सिलिका भरपूर असलेल्या घट्ट, वायूने फुगणाऱ्या लाव्ह्याचा. बेसाल्ट कोट्यवधी वर्षे झिजून त्याची चिकणमाती झाली आणि ती माती पाणी धरते. येथे माती होण्याइतका काळच गेलेला नाही. पाणी धरण्याचे काम प्यूमिसमधली सूक्ष्म छिद्रे करतात. वरचा भरड थर आच्छादनाचे काम करतो: बर्फ वितळल्यावर पाणी त्यातून झरझर खाली उतरते, पण खालची ओल त्या मोठ्या पोकळ्यांमधून वर चढून सुकू शकत नाही. त्यामुळे पृष्ठभाग वाळवंटासारखा दिसत असूनही खाली उन्हाळ्यातही ओल टिकते, आणि ज्याचे मूळ तिथवर पोहोचले त्याचे निभावते. नत्राचे मात्र या जमिनीत दुर्भिक्ष आहे, आणि मुळांवरील गाठींमधल्या जीवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र बांधणारे बिटरब्रश येथे इतके का दिसते, त्याचा काही उलगडा यातून होतो.

यापुढे प्रत्येक क्षेत्रात निदान मृदावेधकाने (माती वर काढणाऱ्या गिरमिटाने) तरी जुन्या जमिनीची खोली तपासावी, असा प्रस्ताव लिहून दिला आहे.

२१ जून २०२४

दिवसभर जोराचा वारा. मोजपट्ट्या जमिनीवर टिकत नव्हत्या आणि डोळ्यांत राख जात होती. काम थांबवले.

२६ जून २०२४

प्यूमिसची सपाट मैदाने पाहिली. जंगलाच्या मध्येच अचानक झाडे थांबतात आणि पांढरट, जवळजवळ उघडे मैदान सुरू होते. दुरून ते निर्जीव वाटते. गुडघे टेकून पाहिल्याशिवाय तेथे काय आहे ते कळत नाही.

मोनो मिल्कव्हेच ही शेंगावर्गातील बुटकी वनस्पती येथे फुललेली होती. तिचे खोड जमिनीखाली दडलेले असते आणि त्यातून निघालेल्या फांद्या प्यूमिसवर आडव्या पसरतात. पाने लवेने इतकी भरलेली असतात की ती खड्यांच्याच रंगाची दिसतात. ही वनस्पती जगात फक्त मोनो परगण्यातील अशा प्यूमिसच्या जागांवर आढळते आणि राज्याने तिला दुर्मिळ म्हणून कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. तिच्या शेजारी मोनो लेक ल्युपिन होती, तीही याच परिसरापुरती मर्यादित: वीतभरही उंच नसलेला रुपेरी पानांचा गेंद आणि त्यावर जांभळ्या-निळ्या फुलांचे आखूड तुरे.

या मैदानांत झाडे का नाहीत याला एकच कारण देता येत नाही. प्यूमिसच्या छिद्रांत हवा कोंडलेली असल्यामुळे ते उष्णतेचे मंदवाहक आहे. दिवसाची उष्णता खाली न मुरता पृष्ठभागावरच साठते आणि रात्री तितक्याच वेगाने निघून जाते. दुपारी तळहात टेकवत नव्हता. त्याच जागी चार बोटे खाली मात्र जमीन गार होती. सखल मैदानात रात्री थंड हवा साचते आणि ऐन उन्हाळ्यातही दहिवर पडू शकते. कोवळ्या रोपाला दुपारी चटका आणि पहाटे गोठण असा दुहेरी मार बसतो; शिवाय भरड थर जाड असला तर पहिल्या उन्हाळ्यात मूळ ओलीपर्यंत पोहोचत नाही. वाऱ्याने आणि गोठण्या-वितळण्याने खडे सरकत राहतात ते वेगळेच.

नकाशात या मैदानांचा ‘ओसाड’ हा रंग बदलून त्यांना स्वतंत्र वनस्पतिसमूह म्हणून नोंदवावे, असे मी सुचवले आहे. एकदा ओसाड असे लिहिले गेले की त्यावरून गाडी चालवण्यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि मिल्कव्हेचचे जमिनीखालचे खोड चाकाखाली टिकत नाही.

३ जुलै २०२४

काही जुन्या पाइनच्या बुंध्यांभोवती उथळ चर दिसले. मोनो लेक कुटझाडिका हे येथील मूळ पायुट लोक पँडोरा पतंगाच्या अळ्या गोळा करण्यासाठी असे चर खणत आले आहेत. हा पतंग जेफ्री पाइनच्या सुयांवर वाढतो आणि त्याचे जीवनचक्र दोन वर्षांचे असते. पूर्ण वाढलेल्या अळ्या जूनअखेर ते जुलैमध्ये खोडावरून उतरतात आणि कोष करण्यासाठी जमिनीत शिरतात. चराची बाहेरची भिंत उभी आणि प्यूमिसची सैल असल्यामुळे अळीला ती चढता येत नाही. साठलेल्या अळ्या तापवलेल्या वाळूत भाजून वाळवल्या जातात. त्यांना पियागी म्हणतात आणि त्या वर्षभर टिकतात.

या नोंदीचा आमच्या विषयाशी संबंध सरळ आहे. अळीला कोषासाठी जिथे सहज शिरता येईल अशी भुसभुशीत जमीन लागते, म्हणून पँडोरा पतंगाचे मोठे प्रादुर्भाव अशाच जमिनींवरील पाइनमध्ये होतात. प्रादुर्भावाच्या वर्षी झाडे पार बोडकी दिसतात. परंतु अळी कळ्या सोडून देते आणि तिचे खाणे एक वर्षाआड होते, त्यामुळे बहुतेक झाडे सावरतात.

चर असलेल्या झाडांची नेमकी ठिकाणे नकाशात किंवा सार्वजनिक नोंदीत द्यायची नाहीत, असे ठरले. ती माहिती ज्यांची आहे त्यांच्याकडेच ती राहावी.

१७ जुलै २०२४

सेजब्रशच्या उपजाती. मोठ्या सेजब्रशच्या तीन प्रमुख उपजाती जमिनीच्या ओलीबद्दल वेगवेगळी गोष्ट सांगतात: पर्वती उपजात उंचावरील थंड व तुलनेने ओलसर जागी, खोऱ्यातील उपजात खोल गाळाच्या जमिनीत आणि वायोमिंग उपजात सर्वांत कोरड्या जागी वाढते. नुसत्या पाहण्याने त्या वेगळ्या करणे अवघड जाते. म्हणून संध्याकाळी तळावर काचेच्या लहान बाटल्यांत पाणी घेऊन त्यात प्रत्येक नमुन्याची पाने चुरगळून टाकली आणि अंधारात त्यांच्यावर जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा धरला. पर्वती उपजातीच्या पानांतील कूमारिन गटातल्या संयुगांमुळे पाणी निळसर तेजाने उजळते. इतर दोन्हींचे पाणी त्या मानाने निस्तेज राहते. पाइनच्या छायेतून आणलेले जवळपास सर्व नमुने उजळले, खालच्या माळावरचे बहुतेक उजळले नाहीत, आणि सीमेवरच्या क्षेत्रांत मात्र दोन्ही प्रकार मिळाले.

दिवसा झुडपांखाली पिवळी पडून गळलेली पानेही पाहिली. सेजब्रश वसंतात मोठी पाने काढतो आणि उन्हाळा कडक झाला की ती टाकून देतो. लहान पाने मात्र हिवाळाभर राखतो. त्याची मुळे रात्री खोल थरातले पाणी ओढून वरच्या कोरड्या थरात सोडतात, हे रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी १९८७ मध्ये याच झुडपावर दाखवून दिले. तेव्हा झुडूप पाइनच्या रोपाचे पाणी पळवते असे सरसकट म्हणता येत नाही. आमच्या क्षेत्रांत पाइनची बहुतेक रोपे झुडपांच्या कडेला, अर्धवट सावलीत दिसली; उघड्यावर फार थोडी होती.

३० जुलै २०२४

आजचा दिवस बुंध्यांचा. जुन्या नकाशात सेजब्रशचा माळ म्हणून दाखवलेल्या पट्ट्यात झुडपांमध्ये दडलेले तोडलेल्या पाइनचे बुंधे ओळीने सापडले. वरचा भाग करडा पडून भेगाळलेला असला तरी गाभा राळेमुळे शाबूत आहे आणि एकाच्या कडेवर करवतीच्या आडव्या रेषा अजून बोटाला लागतात. कोरड्या, थंड हवेत लाकूड कुजायला शतकही पुरत नाही.

या बुंध्यांचा इतिहास ठाऊक आहे. सरोवराच्या उत्तरेकडील बोडी हे सोन्याच्या खाणींचे गाव १८८० च्या सुमारास हजारो वस्तीचे झाले होते आणि तेथील घरे, खाणींचे आधार व यंत्रांच्या भट्ट्या यांना लागणारे लाकूड आसपास नव्हते. म्हणून १८८१ मध्ये मोनो मिल्स ते बोडी असा सुमारे ५१ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग टाकला गेला. तो १९१७ मध्ये बंद पडला. तोवर लोहमार्गाच्या आवाक्यातले उत्तम पाइन बोडीला पोहोचलेले होते.

त्यातच आगीचा मुद्दा येतो. जाड सालीचा जुना जेफ्री पाइन जमिनीलगतच्या हलक्या आगीतून सहसा वाचतो. काही बुंध्यांच्या छेदात जुन्या आगींचे व्रण एकामागून एक दिसतात. सेजब्रश मात्र आगीत मरतो, बुडातून फुटत नाही आणि बियांवरूनच परततो. तोडीनंतर सरकारचे धोरण आग दिसताच विझवण्याचे झाले. १९३५ पासून तर कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणावी असा देशभरचा दंडकच होता. मोठी झाडे नाहीत आणि आगही नाही, अशा स्थितीत सेजब्रश दाटला. आज आपण ज्याला माळ म्हणतो तो काही ठिकाणी अशा रीतीने बनलेला आहे, आणि त्यात उगवणारी पाइनची रोपे आपल्या जुन्या जागी परतत आहेत. त्यांना अतिक्रमण म्हणणे मला पटत नाही.

सगळ्या माळाला हे लागू होत नाही, हेही तितकेच स्पष्ट लिहिले पाहिजे. खालच्या बाजूच्या क्षेत्रांत बुंधा नाही, वेधकाला जुनी तपकिरी जमीन लागली नाही आणि बाटलीतले पाणीही उजळले नाही. तो खरा माळ आहे आणि सेज ग्राउजसाठी तो मोकळा राखण्यास माझी काहीच हरकत नाही.

१८ सप्टेंबर २०२४

शंकू उघडू लागले आहेत. जेफ्री पाइनचे बी पंखयुक्त असले तरी मोठे व जड असते, त्यामुळे वारा ते फार दूर नेत नाही. खाली पडलेले बी चिपमंक हे खारीसारखे लहान प्राणी गोळा करतात आणि जमिनीत बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर थोडे थोडे करून पुरतात. बिटरब्रशच्या बियांचेही ते तसेच करतात. परत न काढलेला साठा पुढच्या वसंतात एकाच जागी पाच-सात रोपांच्या झुबक्याने उगवतो. सैल प्यूमिस उकरायला सोपे आणि त्या खोलीवर बी चटक्यापासून सुरक्षित, असा दोन्हीकडून लाभ आहे. सीमेवरच्या क्षेत्रांतील रोपांची ठिकाणे आम्ही नकाशावर टाकली, तेव्हा त्यांतील बरीच रोपे झुबक्यांत असल्याचे दिसले. ती वाऱ्याने आलेली नाहीत, पुरलेली आहेत.

२७ सप्टेंबर २०२४

वर्गीकरणाची बैठक झाली. वृक्षांच्या आच्छादनाचे प्रमाण हाच एकमेव निकष ठेवावा, कारण तो छायाचित्रावरून मोजता येतो आणि सर्वत्र सारखा लावता येतो, अशी एक बाजू होती. तिच्यात तथ्य आहे. हजारो हेक्टरमध्ये खड्डे खणता येणार नाहीत. तरीही सीमेवरील क्षेत्रांपुरते तरी चार गोष्टी नोंदवल्याशिवाय नाव देऊ नये, हे मान्य झाले: प्यूमिसच्या भरड थराची जाडी, गाडलेल्या जमिनीची खोली, जुने बुंधे आहेत की नाहीत, आणि सेजब्रशची उपजात. यांतील गाडलेली जमीन, बुंधे व पर्वती उपजात ही तिन्ही लक्षणे जिथे एकत्र मिळतात, तेथे आजचे आच्छादन कितीही कमी असो, ‘जेफ्री पाइन – सेजब्रश विरळ वन, तोडीनंतरची अवस्था’ असे नाव द्यायचे ठरले. प्यूमिसच्या मैदानांना स्वतंत्र नाव मिळाले.

तुलनेसाठी कधी तोड न झालेले जंगल हवे होते. त्यासाठी १९३२ मध्ये संशोधनाकरिता राखून ठेवलेले इंडियाना समिटचे क्षेत्र निवडले असून तेथील मृदाछेदांची परवानगी मागितली आहे. बर्फ पडण्यापूर्वी ती मिळाली तर ऑक्टोबरमध्ये, नाहीतर पुढील जूनमध्ये ते काम हाती घेतले जाईल. तोवर सीमेवरील ज्या क्षेत्रांत वेधक घातलेला नाही, त्यांच्या नावापुढे ‘तात्पुरते’ असा शेरा ठेवला आहे.